तीव्र नाराजी

नगरपरिषदेत त्यांना सगळे इस्त्रीबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे इस्त्रीबाई. हे पाठीमागचं नाव त्यांना पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं आणि त्याचा राग येण्याऐवजी थोडा अभिमानच वाटायचा. अध्यक्षांच्या उजव्या हाताला, एक पायरी खाली, छोट्या टेबलाशी बसून त्यांनी अठ्ठावीस वर्षं सभांचं इतिवृत्त लिहिलं. कोण बोललं, कुणी अनुमोदन दिलं, किती हात वर झाले. निवडून आलेली माणसं सभागृहात कशी बोलतात हे ज्याने एकदा ऐकलंय त्याला वेगळं सांगायला नको. वाक्य निघतं पाणीपुरवठ्यावरून आणि पोचतं समोरच्याच्या खानदानावर. वाटेत क्रियापद भेटलं तर भेटलं. हा सगळा चुरगळा बाई टिपून घेत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कडक घडी घालून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवत.

त्यांचा एक ठरलेला हिशेब होता. ‘तुम्हाला अक्कल आहे का’ याचं ‘सदस्य सहमत नव्हते’ होई. शिवी दिली की ‘आक्षेप घेतला’. आईवरून दिली की ‘तीव्र आक्षेप’. टेबलावर मूठ आपटली तर ‘आग्रही प्रतिपादन’. आणि यातल्या कशातच न बसणाऱ्या गोष्टींसाठी ‘नाराजी व्यक्त केली’, फारच झालं तर ‘तीव्र नाराजी’. सभेच्या दुसऱ्या दिवशी एखादा सदस्य दाराशी घुटमळायचा. “बाई, काल जरा जास्तच बोललो. बघा काय ते.” बाई मान वर न करता म्हणायच्या, “बघते.” तेवढ्यावर काम होई.

असं करा म्हणून त्यांना कुणी हुकूम दिला नव्हता. आधीचे म्हातारे लेखनिक निवृत्त होताना एवढंच म्हणाले होते, “पोरी, माणूस जातो, कागद राहतो. उद्या यांची नातवंडं वाचतील, त्यांना मान खाली घालायला लावू नकोस.” बाईंना ते पटलं. त्यांनी कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही, हे अगदी खरं. पण शिवी ज्याला बसली त्यालाही नातवंडं असतात, आणि तीही वाचायला येतील, हे काही त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं आणि बाईंच्याही आलं नाही.

घरी त्या आणि धाकटी नणंद. बाईंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. नणंदेने लग्न केलंच नव्हतं, जन्मभर चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या. भांडायला कुणीतरी हवं म्हणून दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकत्र राहिल्या. नणंदेची जीभ तिच्या काचांपेक्षा जास्त घासलेली. “वहिनी,” ती म्हणायची, “मी मेले की तुम्हीच लिहा. सदर व्यक्तीने तीव्र नाराजी व्यक्त करून देह ठेवला.” बाई हसायच्या.

त्या सभेत विषय होता पुलाकडच्या वस्तीत शिरलेल्या नाल्याच्या पाण्याचा. नाले विभागातली पर्यवेक्षक मुलगी खुलासा द्यायला बोलावली होती. वय सत्तावीस, नोकरी तात्पुरती, कायम होण्याचे कागद पुढच्या महिन्यात समितीसमोर जायचे होते. ती मोठा नकाशा घेऊन आली आणि तिने शांतपणे सांगितलं की पाणी वरून येत नाही, खालून मागे फिरतंय, कारण नव्या भिंतीने नाल्याचं तोंड बुजलंय. आता ती भिंत ज्यांनी बांधवून घेतली होती, जिच्यावर स्वतःच्या नावाची फरशी बसवली होती, ते पुलाकडचे सदस्य समोरच बसले होते. आवाज असा की ध्वनिक्षेपकाची गरज नाही, म्हणून गावात त्यांना तोफसाहेब म्हणत. नाले समितीचे अध्यक्षही तेच.

तोफसाहेब उठून उभे राहिले. मुलीचा बाप याच नगरपरिषदेचा नालेसफाई कामगार होता आणि अकरा वर्षांपूर्वी नाल्यात उतरला असताना पाण्याचा लोंढा येऊन त्यात बुडाला, हे सभागृहात सगळ्यांना माहीत होतं.

“तुझा बाप त्याच नाल्यात बुडून मेला,” तोफसाहेब म्हणाले. “त्याला तरी शेवटपर्यंत कळलं का पाणी कुठून येतंय? आणि तू निघालीस आम्हाला नकाशा दाखवायला.”

सभागृह हसलं. मुलीने नकाशाची गुंडाळी करायला घेतली, ती तीनदा सुटली. अध्यक्ष म्हणाले, पुढचा विषय. आणि बाईंच्या हाताने लघुलेखनाच्या वहीत एक बारीकशी रेघ ओढली, वर टिंब दिलं. रेघ म्हणजे नाराजी, टिंब म्हणजे तीव्र.

मुलीने चौथ्या दिवशी तक्रार दिली. सदस्यांच्या वागणुकीची तक्रार कुठे करायची, हे नगरपरिषदेतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. त्यासाठी आचार अधिकारी असतात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत. माणूस सज्जन, पण थकलेला. तक्रार आचारसंहितेत बसते का ते आधी पाहायचं, मग आपसात मिटतंय का ते पाहायचं, आणि नाहीच मिटलं तर चौकशी, असा क्रम. मिटवण्यासाठी त्यांनी दोन तारखा दिल्या. मुलगी दोन्ही वेळा येऊन बाकावर बसली. तोफसाहेब एकदा उद्‌घाटनाला गेले आणि एकदा कुठेच गेले नाहीत, नुसते आले नाहीत.

या तारखा चालू असताना पुढची सभा झाली. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं न वाचलं आणि एकमताने कायम झालं. इतिवृत्त कायम झालं की सभेचं ध्वनिमुद्रण पुसून टाकायचं, कारण आता कागद हाच पुरावा, असा नियम होता. बाईंनी सवयीप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुसलं आणि डबा खाल्ला.

चौकशी सुरू झाल्यावर तोफसाहेबांचं लेखी उत्तर आलं, सोबत इतिवृत्ताची प्रमाणित प्रत. ‘सन्माननीय सदस्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली.’ एवढंच आपण केलं, असं त्यांचं म्हणणं. सभागृहाने हे एकमताने कायम केलं आहे, तेव्हा कुणीही हरकत घेतलेली नाही, सबब तक्रार खोडसाळ समजून तिच्या सेवापुस्तकात तशी नोंद घ्यावी. ती नोंद झाली की कायम होणं विसरायचं, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

त्या दुपारी मुलगी बाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

“इतिवृत्तात नाहीये,” ती म्हणाली. “तुमच्या कच्च्या वहीत तरी असेल ना?”

बाईंनी वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. त्यांनी रेघ पाहिली, टिंब पाहिलं. आपण कच्च्यातून पक्क्यात लिहिताना घड्या घालतो, असा त्यांचा आजवर समज होता. घडी कानापासून हातापर्यंत येतानाच पडत होती आणि किती वर्षांपासून पडत होती कोण जाणे.

“वहीतही नाही,” त्या म्हणाल्या.

“पण तुम्ही ऐकलंत.”

“ऐकलं.”

“आठवतं का?”

आठवत नाही म्हटलं असतं तरी कुणी बोट दाखवलं नसतं. छप्पन्न वर्षांच्या बाईला काय काय आठवणार. पण गंमत अशी होती की कागदावर जे उतरवलं ते सगळं बाई विसरून जात. ठराव, रस्त्यांची नावं, हातांची संख्या, काही उरत नसे. जे उतरवलं नाही ते मात्र एकही वाक्य गेलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांचं सगळं आत साठलं होतं, बोलणाऱ्याच्या आवाजासकट.

“आठवतं,” त्या म्हणाल्या.

आचार अधिकाऱ्यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि दार लोटून घेतलं. “बाई, मी तुम्हाला अडवत नाही. पण इतिवृत्तावर तुमची सही आहे. ते अपुरं आहे म्हणालात तर पहिला प्रश्न तुमच्यावर येतो. त्यांच्यासाठी आचारसंहिता आहे, आपल्यासाठी शिस्तभंगाचे नियम आहेत. त्यांना समज मिळते, आपल्याला आरोपपत्र. तुमची दोन वर्षं राहिलीत.”

“विचार करून सांगते,” बाई म्हणाल्या.

घरी नणंद खिडकीशी बसून जुन्या चष्म्याचा स्क्रू आवळत होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं, वाक्य सोडून. नणंदेने तेवढंच विचारलं. “पण तो म्हणाला काय?” बाईंनी दोनदा तोंड उघडलं आणि शेवटी म्हणाल्या, “बापावरून बोलला.”

“हे तर तुम्ही मलासुद्धा इस्त्री करूनच दिलंत,” नणंद म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. “वहिनी, तुम्ही डाग पुसला म्हणता. पुसलात खरा. पण कुणाच्या अंगावरचा?”

बाईंनी जेवणाची ताटं मांडली. सकाळी निघताना बाईंनी सांगितलं की साक्ष देणार, आणि नणंदेने त्यांच्या हातात छत्री दिली, जरी आभाळ स्वच्छ होतं.

सुनावणी वरच्या मजल्यावरच्या लहान खोलीत होती. लांब टेबल, पाण्याचा काचेचा जग, भिंतीला लावलेल्या लोखंडी खुर्च्या. चौकशी समितीवर तिघं. अध्यक्ष होते औषधांच्या दुकानाचे मालक असलेले सदस्य, दुसरे एक शाळामास्तर सदस्य, आणि नियमाप्रमाणे एक बाहेरची व्यक्ती, म्हणजे निवृत्त मुख्य परिचारिका. या परिचारिकाबाईंचा राजकारणाशी संबंध नव्हता आणि चेहऱ्यावरून कशाचंच कौतुक दिसत नव्हतं. कोपऱ्यात एक नवा लेखनिक वही घेऊन बसला होता, कारण आज बाई साक्षीदार होत्या.

मुलीच्या शेजारी तिची आई बसली होती. तिला इथे यायला कुणी सांगितलं नव्हतं. पोरीची नोकरी जाणार असं शेजारणीकडून कानावर आलं, तशी ती कपडे बदलून आली होती आणि उठायला तयार नव्हती. बाई खुर्चीवर बसल्या तेव्हा मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच आईकडे खूण केली. बाईंना सगळं कळलं. मुलीने घरी ते वाक्य सांगितलं नव्हतं. अपमान केला एवढंच सांगितलं असणार. तिनेही घडी घालूनच दिलं होतं.

“बाई,” औषधवाले म्हणाले, “तुम्ही अनुभवी आहात. सगळा पाढा वाचायची गरज नाही. थोडक्यात आशय सांगा म्हणजे झालं.”

आशय. बाईंना आयुष्यात दुसरं काय येत होतं. ‘सदस्यांनी तक्रारदाराच्या दिवंगत वडिलांविषयी अनुचित उल्लेख केला.’ वाक्य तयारच होतं, जिभेवर येऊन थांबलं होतं. त्याने तक्रार खोटी ठरली नसती. आईचा जीव दुखला नसता. इतिवृत्तही फार खोटं दिसलं नसतं, कारण अनुचित आणि नाराजी यांत अंतर ते किती. आणि तोफसाहेब त्या वाक्यात आरामात पाय पसरून बसले असते, जसे आजवर सगळे बसत आले होते. समोर ते तसे बसलेही होते, घड्याळाकडे बघत.

“आशय नको,” परिचारिकाबाई म्हणाल्या. “नेमके शब्द काय होते?”

इस्त्रीबाई आईकडे वळल्या. “तुम्ही जरा बाहेर बसता का? दहा मिनिटं.”

“का?”

“ऐकवणार नाही.”

“मला अकरा वर्षं कुणी काही ऐकवत नाही,” आई म्हणाली. “तुम्ही बोला. मी इथेच आहे.”

मग बाईंनी सांगितलं. अक्षर न बदलता, आवाज न चढवता, जिथे तोफसाहेब थांबले होते तिथे थांबून.

“त्यानंतर काय झालं?” परिचारिकाबाईंनी विचारलं.

“हसले.”

“कोण?”

“बहुतेक सगळे.” बाईंनी औषधवाल्यांकडे पाहिलं. “तुम्हीसुद्धा, साहेब.” औषधवाल्यांनी समोरचा कागद सरळ केला. बाईंना तिथे थांबता आलं असतं. “आणि मीही,” त्या म्हणाल्या. “आवाज नाही केला. पण सगळे हसताना जसा चेहरा करतात, तसा केला. आणि मान खाली घालून ‘नाराजी’ असं लिहिलं. तिचा नकाशा हातातून सुटत होता, तो धरायलाही मी उठले नाही.”

इतकी शरम त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

तोफसाहेब खाकरले. “सभेच्या भरात माणूस बोलतो. प्रश्न पाण्याचा होता. मी नुसतं विचारलं की त्याला कळलं का—”

“कळलं होतं,” आई म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. तिचा आवाज तोफसाहेबांच्या पाव पटही नव्हता, त्यामुळे सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. “पाणी कुठून येतंय ते त्यांना कळलं होतं. खालून मागे फिरलं, हे खाली उतरलेल्या तिघांत त्यांनाच आधी कळलं. म्हणून आधी त्या दोघांना शिडीवर ढकललं. त्यांनीच तेव्हा येऊन मला सांगितलं. ते दोघं आहेत अजून, विचारा त्यांना. शिडी एकच होती.”

मुलगी आईकडे बघत राहिली. हे तिलाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

औषधवाले हळूच म्हणाले, “ताई, बसा. तुम्ही साक्षीदार नाही, त्यामुळे...” आणि त्यांनी कोपऱ्यातल्या लेखनिकाकडे नजर टाकली. त्याने पेन खाली ठेवलेलंच होतं. साक्षीदार नसलेल्या माणसाचं बोलणं नोंदवायचं नसतं, हे त्याला बाईंनीच शिकवलं होतं.

“लिहून घे,” बाई म्हणाल्या.

तो गोंधळला. “पण बाई, नियम—”

“त्यांनी ‘कळलं का’ असा प्रश्न विचारला होता ना? त्याचं हे उत्तर आहे. प्रश्न नोंदला आहेस तर उत्तरही नोंद. त्या जशा बोलल्या तसं, शब्द न शब्द.”

त्याने औषधवाल्यांकडे पाहिलं. परिचारिकाबाईंनी मान डोलावली आणि तो लिहू लागला. मधे अडला, तेव्हा आईने शिडीचं वाक्य त्याच्यासाठी पुन्हा सांगितलं.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. आचारसंहितेचा भंग झाला. तक्रार खोडसाळ नव्हती, त्यामुळे मुलीचे कागद पुढे सरकले आणि ती कायम झाली. तोफसाहेबांनी भर सभेत माफी मागायची आणि वर्षभर नाले समितीपासून दूर राहायचं. त्यांनी ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ अशी माफी मागितली आणि खाली बसले. त्यांची खुर्ची मतदारांची, ती कुणाला हलवता येत नव्हती. बाईंची खुर्ची मात्र एका चिठ्ठीने हलली. अपूर्ण इतिवृत्त लिहिल्याबद्दल ताकीद, आणि तळमजल्याच्या अभिलेख कक्षात बदली. जुनं इतिवृत्त दुरुस्त करावं असा विषय तीन वेळा सभेपुढे आला आणि तीनही वेळा वेळेअभावी पुढे ढकलला गेला. तिथे आजही ‘तीव्र नाराजी’ आहे. नणंद म्हणाली, “चला, आता तुम्हाला निदान माणसांची बडबड ऐकावी लागणार नाही.” आणि मग त्यांच्यासाठी जाड काचेचा नवा चष्मा करून आणला, कारण अभिलेख कक्षात उजेड कमी होता.

चौकशीचा अहवाल मात्र नियमाप्रमाणे अभिलेख कक्षात ठेवला गेला. कुणालाही मागून वाचता येतो. पहिले दोन महिने कुणी मागितला नाही. मग एका सकाळी मुलीची आई जिना उतरून आली, एकटीच.

“ते कुठे लिहिलंय ते दाखवता का?”

बाईंनी फाइल काढली, पान उघडलं आणि ओळीवर बोट ठेवलं. आईने खुर्ची ओढली. ती अडखळत, ओठ हलवत वाचू लागली. आधी तोफसाहेबांचं वाक्य, मग हसण्याचं, मग स्वतःचं. शिडी एकच होती, इथे आली तेव्हा तिने बराच वेळ पुढची ओळ घेतली नाही. बाई शेजारी उभ्या राहिल्या.

“हे पुढे कुणी खोडेल का?” तिने विचारलं.

बाईंना नाही म्हणायचं होतं. पण त्या घराला आता आणखी एक गोड वाक्य द्यायची त्यांची तयारी नव्हती.

“खोडता येतं,” त्या म्हणाल्या. “त्यासाठी सभेत ठराव आणावा लागतो. मग हात वर करून मतदान होतं आणि कुणी कुणी हात वर केला, ते एकेकाच्या नावानिशी लिहावं लागतं.”

आईने थोडा विचार केला.

“मग राहील,” ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.